पदवीची अट आणि तासाची मजुरी

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडन यांच्या पत्नी जिल बायडन या २०२१ ते २०२४ या काळात, व्हाइट हाउसमध्ये वास्तव्य असतानाही, व्हर्जिनिया राज्यातील एका कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवीत होत्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने पगारी नोकरी करावी याचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते. परंतु ही कॉलेजे कोणासाठी असतात, तेथे शिकविण्यासाठी कोणती अर्हता लागते आणि तेथील बहुसंख्य शिक्षक कोणत्या शर्तींवर राबतात, हे प्रश्न कौतुकाच्या भरात मागेच राहिले. श्रीमती बायडन यांच्यापाशी डॉक्टरेट आहे. त्या कामासाठी तिची आवश्यकता नव्हती. पदव्युत्तर पदवी पुरेशी मानली जाते. ही पदवी कशासाठी मागितली जाते आणि तिच्या बदल्यात काय दिले जाते, याचा हिशेब मांडणे आपल्या दृष्टीने अगत्याचे आहे. कारण तोच व्यवहार महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून आज अधिक उघड्यावाघड्या स्वरूपात चालू आहे.

कम्युनिटी कॉलेज ही खास अमेरिकन निर्मिती होय. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी, एका माध्यमिक शाळेच्या आश्रयाने, सहा विद्यार्थ्यांना घेऊन पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षणाची सवलत देणारा १९४४ चा कायदा आणि अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाचा १९४७ चा अहवाल यांनी या क्षीण ओहोळाची नदी केली. कॅलिफोर्नियाने १९६० च्या योजनेत या कॉलेजांची दारे प्रौढ वयाच्या सर्व इच्छुकांना खुली ठेवली. आज त्या एकाच राज्यात अशी ११६ कॉलेजे असून त्यांत सुमारे वीस लाख विद्यार्थी शिकतात. दिवसभर दुकानात उभा राहून संध्याकाळी वर्गात येणारा तरुण, शेतमजुरी करणाऱ्या स्थलांतरित कुटुंबातील पहिलीच शिकणारी मुलगी, बंद पडलेल्या कारखान्यातून बाहेर फेकला गेलेला चाळिशीचा कामगार, हा तेथील विद्यार्थिवर्ग. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० सालीच दाखवून दिले होते की, मोठ्या विद्यापीठाची आस धरून आलेल्या अशा विद्यार्थ्याची आकांक्षा हळूहळू थंड करण्याचे कामही हीच कॉलेजे पार पाडतात. ती आकांक्षा थंड होते की तेवत राहते, हे बऱ्याच अंशी समोर उभा असलेला शिक्षक कोण आहे यावर अवलंबून असते. म्हणून अर्हतेचा प्रश्न केवळ प्रशासनाचा ठरत नाही.

अमेरिकेत या बाबतीत सर्व राज्यांना लागू असा एकच कायदा नाही. राज्ये आणि विभागवार अधिस्वीकृती मंडळे आपापले नियम करतात. त्यांतल्या त्यात कॅलिफोर्नियाचा नियम सविस्तर आणि विचार करण्याजोगा आहे. तेथे पूर्वी राज्याकडून शिक्षकाला अनुज्ञापत्र मिळवावे लागे. १९८८ च्या सुधारणा कायद्याने ही पद्धत मोडीत काढली आणि तिच्या जागी विषयवार किमान अर्हतांची यादी आणली. ही यादी राज्याचे नियामक मंडळ मंजूर करते. परंतु तिची शिफारस शिक्षकांनी निवडलेली शैक्षणिक सिनेट करते, हे विशेष. आपल्या व्यवसायात कोणी यावे हे ठरविण्यात शिक्षकांचा असा अधिकृत वाटा आपल्याकडे नावापुरताही नाही.

यादीचे दोन भाग आहेत. इतिहास, गणित, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र अशा विषयांसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी हवी, किंवा पहिली पदवी त्या विषयातील आणि पदव्युत्तर पदवी त्याच्या निकटच्या विषयातील असली तरी चालते. दुसरा भाग आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. वेल्डिंग, सुतारकाम, मोटारदुरुस्ती, पाककला यांसारख्या ज्या विषयांत पदव्युत्तर पदवीची अपेक्षा धरणेच अप्रस्तुत, तेथे कोणतीही पदवी आणि दोन वर्षांचा त्या कामाचा अनुभव, किंवा कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि सहा वर्षांचा अनुभव, एवढ्यावर मनुष्य शिक्षक होऊ शकतो. आणि शिक्षक म्हणजे शिक्षकच. 'कर्मशाळा सहायक' अशा दुय्यम नावाखाली त्याला वेगळ्या रांगेत बसविले जात नाही. पूर्ण वेळ नेमला गेला तर वेल्डिंग शिकविणाऱ्यालाही सेवेच्या स्थैर्याचा आणि सिनेटवर निवडून जाण्याचा तोच हक्क असतो, जो शेक्सपिअर शिकविणाऱ्याला असतो.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. भट्टीसमोर किंवा गाडीखाली घालविलेली सहा वर्षे ही ज्ञानार्जनाची वर्षे आहेत, असे येथे कायदा म्हणतो. श्रमातून ज्ञान निर्माण होते हे आपण सभांतून सांगतो. तेथे ते नियमावलीत उतरले आहे, आणि तेही भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात! अर्थात या नियमाचे गोडवे गाताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पंचवीस वर्षे जहाजबांधणीत घालविलेला निष्णात वेल्डर असोसिएट पदवीच्या कागदावाचून थेट पात्र ठरत नाहीच. त्याला 'समकक्षते'च्या तरतुदीचा आधार घ्यावा लागतो. त्याची जाण विहित अर्हतेच्या तोडीची आहे, हे कॉलेजच्या समितीला पटवून द्यावे लागते. ही तरतूद काही ठिकाणी उदारपणे वापरली जाते, काही ठिकाणी ती केवळ पुस्तकात राहते. तरीही वाट आहे, आणि ती कायद्याने आखलेली आहे.

या संदर्भात महाराष्ट्राला एका निवेदनाचे स्मरण व्हायला हवे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे मागणे मांडले, त्यात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यात त्यांना कमीपणा वाटू नये आणि खालच्या थरातील लोकांत त्यांना सहज मिसळता यावे, असा स्पष्ट आग्रह होता. म्हणजे शिक्षकाच्या अर्हतेची व्याख्या पुस्तकी ज्ञानाच्या पलीकडे नेण्याचा विचार या भूमीत पावणेदीडशे वर्षांपूर्वी मांडला गेला होता. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण-संहितेत आज अशाच आशयाचे एक कलम आहे. कम्युनिटी कॉलेजात शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने, विद्यार्थ्यांच्या भिन्न भिन्न सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक आणि वांशिक पार्श्वभूमीची आपल्याला जाण आहे, हे निवडीच्या वेळी दाखवून द्यावे लागते. हे कलम मुलाखतीतील एका ठरावीक प्रश्नापुरते उरते, अशी टीका होऊ शकेल. परंतु आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या किमान अर्हतांत असा प्रश्नदेखील नाही. पंचावन्न टक्के गुण, राखीव प्रवर्गासाठी पन्नास, आणि नेट अथवा सेट! ऊसतोड कामगाराच्या मुलाशी कसे बोलावे हे ज्याला उमजत नाही तोही या चाळणीतून अलगद पार होतो.

पदवीच्या अटीचा अतिरेक कसा होतो, याचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. मध्य-पश्चिमेकडील राज्यांतील महाविद्यालयांना अधिस्वीकृती देणाऱ्या हायर लर्निंग कमिशनने असा दंडक ठेवला होता की, शिक्षकाची पदव्युत्तर पदवी अन्य विषयातील असेल, तर शिकवावयाच्या विषयात त्याने पदव्युत्तर पातळीवरील किमान १८ श्रेयांक मिळविलेले असावेत. २०१५ साली हा दंडक स्पष्ट शब्दांत पुन्हा सांगितला गेला, तेव्हा माध्यमिक शाळेत राहून कॉलेजच्या श्रेयांकाचे वर्ग घेणाऱ्या अनेक अनुभवी शिक्षकांवर संक्रांत आली. त्यांची पदव्युत्तर पदवी शिक्षणशास्त्रातील होती, आणि अठराचा आकडा भरत नव्हता. वर्षानुवर्षे मुदती वाढवीत नेल्यानंतर कमिशनने हा नियम अखेर सैल केला. ज्याने शिकविण्याचे शास्त्र अभ्यासले तोच शिकविण्यास अपात्र ठरावा, हा विनोद कोणत्याही नोकरशाहीला शोभण्याजोगा होता.

परंतु खरे दुखणे यांपैकी कोणत्याही कलमात नाही. अर्हता नेमणुकीपासून तोडली गेली आहे, आणि प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

कॅलिफोर्नियातील किमान अर्हता पूर्ण वेळ आणि अंशकालीन शिक्षकांना सारख्याच लागू आहेत. अंशकालिकासाठी पदवीत एका अक्षराचीही सूट नाही. सूट आहे ती संस्थेच्या दायित्वात. कायद्याने अंशकालिकाला एका महाविद्यालयीन जिल्ह्यात पूर्ण कार्यभाराच्या काही टक्क्यांपर्यंतच काम देता येते. ही मर्यादा पूर्वी ६० टक्के होती. २००८ च्या कायद्याने ती ६७ झाली. त्यापलीकडे नियमित काम दिले, तर त्या शिक्षकाचा स्थायी सेवेवरील हक्क उभा राहू शकतो. मर्यादेचा हेतू मुळात रास्त होता. अंशकालिकांकडून पूर्ण काम उरकून घेऊन संस्थांनी स्थायी पदे बुडवू नयेत, असा तो होता. प्रत्यक्षात संस्थांनी एका पूर्ण वेळ शिक्षकाच्या जागी दोन-तीन अंशकालीन नेमले, आणि त्या शिक्षकांनी पोट भरण्यासाठी दोन-तीन जिल्हे जोडले. सकाळी एका गावात तास, दुपारी साठ-सत्तर किलोमीटरवर दुसरा, संध्याकाळी तिसरीकडे. हमरस्त्यावर आयुष्य काढणाऱ्या या पदव्युत्तर मंडळींना तेथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. त्यांचे कार्यालय म्हणजे मोटारीची डिकी. साऱ्या देशाचा विचार केला, तर सार्वजनिक द्विवर्षीय कॉलेजांतील शिक्षकांपैकी सुमारे दोन तृतीयांश अंशकालीन आहेत. १९८८ च्या ज्या कायद्याने अर्हतांची यादी आणली, त्याच कायद्याने श्रेयांकाच्या अध्यापनापैकी ७५ टक्के अध्यापन पूर्ण वेळ शिक्षकांकडून व्हावे असे उद्दिष्ट घालून दिले होते. कायद्याच्या पहिल्या अर्ध्या भागाची अंमलबजावणी काटेकोर झाली. दुसऱ्या अर्ध्या भागातील उद्दिष्ट साडेतीन दशके उलटूनही राज्यभर गाठले गेलेले नाही.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असे शिकविले जाते की, एखाद्या व्यवसायात प्रवेशाची अट कडक केली की त्या श्रमाचा पुरवठा घटतो आणि त्याचे मोल वाढते. वकील आणि डॉक्टर यांच्या बाबतीत हे बऱ्याच प्रमाणात खरे ठरले. येथे ते खोटे का पडले? कारण ही अट पुरी करणारे पदवीधर तयार करणाऱ्या विद्यापीठांवर कोणतेच नियंत्रण नव्हते. विद्यापीठांना स्वतःच्या संशोधनासाठी आणि पहिल्या वर्षांचे वर्ग सांभाळण्यासाठी स्वस्तातले पदव्युत्तर विद्यार्थी हवे होते. ते शिकून बाहेर पडल्यावर त्यांचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न नव्हता. परिणामी दाराची चौकट उंच राहिली, आणि तरीही दाराबाहेरची गर्दी वाढत गेली. मार्क्सने ज्या राखीव फौजेचे वर्णन केले तिच्या अंगावर आता पदवीदानाचा झगा आला, एवढाच फरक. शिवाय या फौजेच्या प्रशिक्षणाचा खर्च मालकाने केलेला नाही. तो शिक्षकाने स्वतः, बहुधा कर्ज काढून, केलेला आहे. यंत्र विकत घेणाऱ्या कारखानदाराला यंत्राचा घसारा तरी हिशेबात धरावा लागतो. तासाने घेतलेल्या पदवीला घसारा नसतो, आजारपण नसते आणि निवृत्तीही नसते.

तेथील शिक्षक संघटना स्वस्थ बसल्या नाहीत, हे नमूद केले पाहिजे. २०२२ च्या राज्य अंदाजपत्रकात अंशकालीन शिक्षकांच्या आरोग्य विम्यासाठी दरवर्षी २० कोटी डॉलरची वाढीव तरतूद झाली. ही देणगी नव्हती; तिच्या मागे संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरलेली मागणी होती.

आता आपल्याकडे वळू. कम्युनिटी कॉलेज हे नाव भारतातही आले. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये त्याचा प्रारंभ केला, आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याची देशव्यापी योजना केली. नाव आले, परंतु श्रमिकांसाठी गावोगाव उघड्या असलेल्या सार्वजनिक संस्थांचे जाळे काही आले नाही. बहुतेक ठिकाणी ते अस्तित्वात असलेल्या महाविद्यालयाच्या एखाद्या खोलीतील प्रमाणपत्र अभ्यासक्रमापुरते राहिले. मात्र त्या व्यवस्थेतील सर्वांत वाईट गोष्ट, म्हणजे पूर्ण अर्हता आणि अपुरी नेमणूक, आपण कोणाच्याही उपदेशावाचून आत्मसात केली. तिचे मराठी नाव 'तासिका तत्त्व'. तत्त्व हा शब्द इतक्या तत्त्वशून्य व्यवहारासाठी क्वचितच वापरला गेला असेल.

आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसंबंधी जे निर्देश दिले, त्यात त्यांची अर्हता नियमित सहायक प्राध्यापकाइतकीच असावी असे म्हटले आणि मोबदला प्रति व्याख्यान १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० रुपये, असा सुचविला. महाराष्ट्रात दिला जाणारा दर त्याहूनही खाली आहे. तो तासांपुरता असतो. परीक्षेचे पर्यवेक्षण, उत्तरपत्रिका, मूल्यांकन समितीपुढे मांडायच्या फायली, प्रवेशाच्या दिवसांत गावोगाव फिरून विद्यार्थी गोळा करणे, ही कामे तासात मोजली जात नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत वेतन थांबते, पण घरभाडे थांबत नाही. नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. प्राप्त माणूस चाळिशी ओलांडेपर्यंत दर जूनमध्ये नव्याने अर्ज करतो, आणि स्थायी पद निघालेच तर त्यासाठी संस्थाचालकाच्या दारात किती लाखांची भाषा होते, हे या पानाच्या वाचकांना सांगावयास नको.

अशा परिस्थितीत आपल्याच वर्तुळातील काही मित्र म्हणतात की, नेट-सेट हे बहुजनांच्या वाटेतील धोंड आहेत, त्या अटी मुळातूनच उखडून टाकाव्यात. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. १९९१ साली अट आली तेव्हा परीक्षेची पुरेशी व्यवस्था नव्हती, आणि १९९१ ते २००० या काळात नेमल्या गेलेल्या बिगर नेट-सेट प्राध्यापकांचा प्रश्न इतका चिघळला की २०१३ मध्ये राज्यातील प्राध्यापक संघटनेला परीक्षांच्या कामावर प्रदीर्घ बहिष्कार टाकावा लागला. परंतु अट नाहीशी झाली तर निवड कोणाच्या हाती जाईल? ज्या ग्रामीण संस्थांत अध्यक्षांचा पुतण्या आणि सचिवांची सून यांची नेमणूक अट असतानाही होते, तेथे अट गेल्यावर काय होईल याची कल्पना करता येते. जाहीर, छापील, सर्वांना सारखी लागू असणारी अर्हता हे ज्याला चुलता नाही आणि वशिला नाही अशा पहिल्या पिढीतील उमेदवाराच्या हातचे एकमेव हत्यार आहे. ते टाकून देण्यात शहाणपण नाही. ते केवळ उमेदवारावर न रोखता संस्थेवरही रोखले पाहिजे. जेथे पूर्ण अर्हता मागितली जाईल तेथे पूर्ण पद दिलेच पाहिजे, आणि जेथे पद तासाचे असेल तेथे त्या तासाचा दर स्थायी शिक्षकाच्या वेतनाच्या प्रमाणात, सुट्यांसह आणि भविष्य निर्वाह निधीसह, मोजला गेला पाहिजे. ही मागणी संघटनांनी एकमुखाने लावून धरावयाची आहे. स्थायी प्राध्यापकांची तासिका-बांधवांविषयीची अलिप्तता हा तिच्या मार्गातील मोठा अडथळा आहे, आणि तो सरकारने उभा केलेला नाही.

राहिला अनुभवाचा प्रश्न. तेथे आयोगाने २०२२ मध्ये एक अजब दार उघडले. उद्योग, प्रशासन, माध्यमे इत्यादी क्षेत्रांत किमान पंधरा वर्षे, शक्यतो वरिष्ठ पदावर, घालविलेल्या व्यक्तीला 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून नेमता येईल, तिला औपचारिक शैक्षणिक अर्हता आवश्यक नाही, आणि अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत करता येतील. म्हणजे अनुभव हेच ज्ञान, हे आपल्या राज्यकर्त्यांनाही मान्य आहे; फक्त तो अनुभव वातानुकूलित कक्षातला असावा! कंपनीचा माजी व्यवस्थापक विनापदवी प्राध्यापक होऊ शकतो. त्याच कंपनीच्या शॉप फ्लोअरवर तीस वर्षे ओतकाम केलेला कामगार मात्र ओतकाम शिकविण्यासाठीसुद्धा महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत येऊ शकत नाही.

आणि गंमत अशी की, कामगाराच्या अनुभवाला मानणारी शिडी आपल्या देशात नाही असे नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील शिल्प निदेशक हा स्वतः त्याच संस्थेतून शिकलेला आणि तीन वर्षे कामाचा अनुभव घेतलेला असू शकतो. त्याला अध्यापनाचे एक वर्षाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. शिकवावे कसे हे शिकण्याची ही अट महाविद्यालयीन प्राध्यापकाला नेमणुकीपूर्वी नाही. बऱ्याच तालुक्यांच्या गावी ही संस्था आणि कला-वाणिज्य महाविद्यालय एकाच रस्त्यावर असतात. महाविद्यालयात कौशल्याधारित अभ्यासक्रम सुरू होतो, त्यासाठी शिक्षक मिळत नाही म्हणून वाणिज्याचा तासिका-प्राध्यापक पुस्तकात बघून वीजजोडणी समजावतो, आणि दोनशे पावलांवर बसलेला निदेशक नियमाप्रमाणे तेथे अपात्र असतो. हा निदेशक, आणि त्याच्या पलीकडचा कारखान्यातला कारागीर, महाविद्यालयाचा पूर्ण हक्काचा शिक्षक कोणत्या वाटेने होऊ शकेल, याचा मसुदा कामगार संघटना आणि प्राध्यापक संघटना यांनी एकत्र बसून तयार करावयास हवा. तासिका तत्त्वावरच्या जाहिराती जूनमध्ये निघतात. त्याआधी ही बैठक व्हावी.